कयाककर

देवबागेत दर्यावर जाणाऱ्या माणसांचं कुणाला अप्रूप नाही. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमची घरं. रापण ओढणारे, जाळी घेऊन रात्रीचे जाणारे, पर्ससीनवाल्यांच्या नावाने बोटं मोडणारे, पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारे, न दिसलेल्या डॉल्फिनचेही पैसे घेणारे, असे सगळे नमुने आम्ही पाहिलेले. पण गेल्या काही वर्षांत, थंडीच्या दिवसांत, शनिवार-रविवार गाठून एक वेगळीच असामी किनाऱ्यावर उतरू लागली आहे. ती एकटीच जाते, बसून जाते, पाय लांब करून जाते, आणि जाताना कुणी बघतंय ना याची खात्री करून घेते. मी तिला कयाककर म्हणतो.

कयाककराचं मूळ आडनाव काहीही असेल. वय बेचाळीस ते बावन्न. नोकरी अशी, की ती नेमकी कसली हे त्याच्या आईला अजून कळलेलं नाही. पगार कळला आहे आणि तेवढ्यावर ती समाधानी आहे. या माणसाने सायकल करून पाहिलेली असते, हाफ मॅरेथॉन करून पाहिलेली असते, घरी पाव भाजून शेजाऱ्यांना वाटलेला असतो. मग गुडघा बोलू लागतो. हाडांचे डॉक्टर म्हणतात, आता जरा बसून करण्यासारखं काहीतरी बघा. डॉक्टरांच्या मनात बुद्धिबळ असतं. त्याच रात्री याला मोबाइलवर ऑकलंडजवळच्या समुद्रात पिवळ्या होडीत बसलेला एक गोरा माणूस दिसतो. होडी हलत नाही, माणूस बोलत नाही, काठी वाकते आणि लालसर मासा वर येतो. बसून करण्यासारखं ते हेच, असं तिथल्या तिथे ठरतं.

या जातीत पोटजाती आहेत. मुंबई-ठाण्याचा कयाककर मासेखाऊ घरातला असतो. तो बर्फाची मोठी पेटी घेऊन येतो आणि तीच पेटी, बर्फाचं पाणी होऊन, परत नेतो. गोव्याच्या बाजूचा कयाककर गप्प असतो, त्याला खरोखर मासे मिळतात, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पुण्याचा कयाककर मासे फारसे खातच नाही. खाल्लीच तर सुरमई, तीही तळलेली, मधला काटा काढून. ज्याची कयाक माझ्या मांगरात पडून असते तो हा तिसऱ्या प्रकारचा.

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. तिकडे झाड उगवत नाही. वाहून आलेली लाकडं नि हाडं बांधून सांगाडा करायचा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं आणि त्यात बसून पुन्हा सीलच्याच मागे जायचं. नाही गेलं तर पोरंबाळं उपाशी. अशा नाइलाजातून जन्माला आलेली वस्तू आज बारा फुटी प्लास्टिकची होऊन बावधनच्या सोसायटीत दोन नंबरच्या पार्किंगमध्ये उभी असते, आणि तिच्यावरून सोसायटीच्या सभेत ठराव होतात. पहिल्या वर्षी कयाककराने ती गाडीच्या टपावर बांधून आणली. गाडी साडेबारा फूट, कयाक बारा फूट. ज्या पट्ट्यांनी ती बांधली होती त्या वाऱ्यात गुणगुणू लागल्या. पट्टीला एक पीळ दिला की ती गप्प बसते, हे त्याला गगनबावड्याच्या घाटात कळलं. तोवर पुण्यापासून बायको-मुलांनी तो एकच सूर ऐकला होता. पुढच्या ऑक्टोबरात वहिनींनीच मला फोन केला. "भाऊ, तुमच्या मांगरात ती मेपर्यंत राहू दे का? भाडं देतो. हवं तर माझे दागिने ठेवा, पण ती ठेवा."

कयाक पहिल्यांदा वाळूत उतरली तेव्हा शेजारचे तातू बघायला आले. तातूंची सगळी हयात दर्यावर गेली. त्यांनी एक प्रदक्षिणा घातली, टिचकी मारून आवाज ऐकला, खाली वाकले आणि एकदम ताठ झाले.

"होडयेक भोकां?"

"स्कपर होल्स आहेत ती, तातू. वर आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं. आतून सगळी पोकळ आणि सीलबंद. ही बुडूच शकत नाही."

"होडी बुडाची नाय ओ. तुमी बुडशात, त्येचा काय?"

याचंही उत्तर कयाककराकडे होतं. त्यात लाइफ जॅकेट होतं, शिट्टी होती, उलटल्यावर पुन्हा वर कसं चढायचं याचं आडवं पडून करून दाखवलेलं प्रात्यक्षिक होतं. तातूंनी ते शेवटपर्यंत बघितलं आणि मग माझ्या खळ्यात येऊन टेकले. "माजा सगळा आयुष्य होडयेची भोकां बुजवण्यात गेला," ते म्हणाले. "नि हे लाखभर रुपये मोजून भोकांची होडी हाडतत."

कयाककराची सकाळ आदल्या रात्री सुरू होते. भरती-ओहोटीसाठी त्याच्या मोबाइलवर तीन ॲप्स आहेत. एकात मुंबई आहे, दुसऱ्यात मुरगाव आहे, तिसऱ्यात मालवण आहे पण ते पैसे मागतं. म्हणून तो पहिल्या दोघांची सरासरी काढतो. तातू भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ आली: अष्टमीला सहा, बारशीला नऊ, पुनवेला सव्वा अकरा. थोडं पुढेमागे होतं, पण जाळं टाकायला तेवढं पुरतं. "उद्या बारस. भरती नवाक," तातूंनी सांगितलं. सरासरी आठ बावन्न आली. ही आठ मिनिटं कुठे गेली, यावर कयाककर रात्री अकरापर्यंत वाचत बसला. सहा वाजता खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचं तर भरतीचं पाणी समोरून आत घुसत असणार, आणि दहा-साडेदहाला परतायचं तर ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असणार, म्हणजे जातानाही उलटं आणि येतानाही उलटं, ही गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली. समुद्राच्या बाजूने थेट उतरता आलं असतं. पण तिथे काठाला लाटा फुटतात, आणि त्या बाजूने केलेल्या पहिल्याच प्रयत्नात तो ज्या क्रमाने आत गेला त्याच क्रमाने सामानासकट बाहेर आला होता. तेव्हापासून तो खाडीवाला झाला.

पहाटे साडेपाचला तो तयार होऊन खळ्यात येतो. अंगात लांब बाह्यांचा सदरा, त्यावर जॅकेट, जॅकेटला शिट्टी, सुरी, पक्कड आणि होकायंत्र. हातात बिनबोटांचे मोजे, नाकापर्यंत ओढलेलं फडकं, वर कानटोपीवजा टोपी, टोपीवर कॅमेरा, डोळ्यांना काळा चष्मा. सूर्य उगवायला अजून तासाहून जास्त वेळ असतो. माझा कुत्रा एरवी याच माणसाच्या हातची बिस्किटं खातो, पण या वेषात त्याला ओळखत नाही. बायको चहा घेऊन येते आणि तो नको म्हणतो.

कोकणात सकाळचा चहा नको म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. पहिल्यांदा माझ्या घरातही दोन दिवस गार वातावरण होतं. खरं कारण त्याने मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. अडीच फूट रुंदीच्या होडीत चार तास बसायचं, उभं राहायची सोय नाही, आणि आजूबाजूला बायकापोरांनी भरलेल्या पर्यटक-बोटी फिरत असतात. ते ऐकल्यावर मी बायकोला समजावलं. आता ती त्याला परत आल्यावर दोन कप देते.

मग सामान चढतं. दोन काठ्या, एक वल्हं, दुसरं वल्हं तुटलं तर असावं म्हणून, छोटा नांगर, दोरी, पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, त्याची बॅटरी, आणि आमिषांची खण पाडलेली पेटी. ही पेटी उघडली की आमच्याकडची पोरं जमतात. पॉपर, जिग, मिनो, रबराची मऊ कोळंबी. प्रत्येकाला डोळे, काहींना खवले. त्यातला एक हुबेहूब पेडवा. किंमत साडेचारशे. तातूंनी तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत दिला.

"वास नाय येक."

"मासा हालचाल बघून येतो, तातू. व्हायब्रेशन."

"येतलो. नि वास घेवन परत जातलो."

चाकाच्या गाड्यावरून कयाक पाण्याकडे निघते. चाकं वाळूत रुततात, मग तातूंचा नातू मागून धक्का देतो. हा नातू बारावीला आहे आणि त्याच्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

पुढचं सगळं मला कसं ठाऊक, असं कुणी विचारेल. टोपीवरच्या कॅमेऱ्यामुळे ठाऊक. संध्याकाळी खळ्यात बसून ते चित्रण आम्हाला बघावं लागतं. त्यात मुख्यत्वे कयाककराची पावलं आहेत. मधे मधे निवतीचा डोंगर येतो, भोगव्याचा किनारा तिरका होऊन जातो आणि पुन्हा पावलं. आवाज मात्र स्वच्छ. "नमस्कार मंडळी, आज आपण…" असं तो सुरू करतो, आणि मंडळी कोण हे कधी कळत नाही. वर्षभर कार्यालयात ज्या आवाजात तो पडद्यावरच्या लोकांशी बोलतो त्याच आवाजात तो बांगड्यांशी बोलतो. "ठीक आहे, पाच मिनिटं वाट बघू आणि मग पुढे जाऊ," हे वाक्य तर मी शपथेवर सांगतो, मूळ समुद्रातलं नाही.

सकाळी वारा मतलई असतो, जमिनीवरून दर्याकडे. काठाजवळ पाणी गुळगुळीत, लाट नाही, फेस नाही, पुण्याच्या माणसाला वाटावं वा, काय शांत आहे. आणि तो शांतपणेच बाहेर नेतो. "पाठी मतलय असा. लांब जाव नकात, वारो भायर नेतलो," असं तातू दर वेळी सांगतात, आणि दर वेळी कयाककर "हो हो, विंड ॲप बघतोय मी" म्हणतो. ॲप बघत असताना होडी बाहेर जाते. एकदा मान वर केली तर किनाऱ्यावरची माणसं नाहीशी होऊन नुसती माडांची रेघ उरली होती. त्या चित्रणात पुढची वीस मिनिटं संवाद नाहीत. वल्ह्याचा आवाज आणि मारुतीस्तोत्र.

दुसरं संकट म्हणजे ते यंत्र. त्याच्या पडद्यावर समुद्राचा तळ दिसतो, तळावरची खडपं दिसतात, मासा असेल तिथे कमानी उमटतात. खालून लाट हलवतेय, आणि हा मान खाली घालून पडद्यावरच्या कमानी मोजतोय. असं पाव तास केलं की अट्टल खलाशालाही बोट लागेल. कयाककराला लागते. पण इंजिनाची बोट लागली तर कठडा असतो, बादली असते, पाठीवर हात फिरवणारं कुणी असतं. इथे एका बाजूला वाकलं की होडी त्या बाजूला वाकते. ते त्याने सरळ समोर बघत, दोन पावलांच्या मधे, कसं निभावलं ते चित्रणात आहे. भोकांचा खरा उपयोग आम्हाला त्या दिवशी पटला.

आणि आठ वाजता पर्यटकांच्या बोटी सुटतात. कयाककर कशासाठी समुद्रावर आला? कुणी काही विचारू नये म्हणून. घरात मुलं विचारतात, कार्यालयात वरचे विचारतात आणि खालचे तर विचारल्याशिवाय श्वास घेत नाहीत. म्हणून जगात अशी एकच जागा त्याने निवडली जिथे दुसऱ्या माणसाला बसायलाच जागा नाही. तिथे तीस माणसांनी भरलेली बोट शेजारून जाते आणि मायक्रोफोनवरून आवाज येतो, "आता उजव्या हाताला बघा, डॉल्फिन नाही, फिशिंग करणारे साहेब आहेत." तीस मोबाइल वर होतात. मग इचलकरंजीची एखादी मावशी ओरडते, "काय घावलं का ओ?" बोटीच्या लाटेवर कयाक वरखाली होत असताना तो हसून अंगठा दाखवतो. नाही म्हणण्याइतका वेळ लाट देत नाही.

आता माशांचा विषय काढायलाच हवा.

आधी त्याच्या मनात मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर गरवायचं होतं. मी सांगितलं की ते १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, गाभ्याच्या भागात हा उद्योग चालायचा नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कोण बघतंय. पुण्याचा माणूस नियम दिसला की खुलतो. त्याने अभयारण्याचा नकाशा मिळवला, त्याला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि कयाकच्या पुढच्या झाकणावर चिकटवला. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याखालचा मासा पकडायचा नाही. ती यादी सबंध देवबागेत पाठ असलेला हा एकच माणूस. कयाकच्या काठावर त्याने मोजपट्टीही डकवली आहे. गेल्या डिसेंबरात त्याला वीतभर तांबोशी मिळाली. मोजली, फोटो काढला, "मोठी होऊन ये" म्हणून सोडून दिली. तातूंना हे कळलं तेव्हा ते रात्री जेवताना थांबले. "सोडल्यान?" त्यांनी नातवाला दोनदा विचारलं. हसण्यासारखं काही नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर. मलाही, खरं सांगायचं तर, या एका बाबतीत त्याची थट्टा करवत नाही. आमच्या बाजारात बोटभर सुरमईचे वाटे लागलेले मी बघतो आणि पुढे जातो.

एरवी त्याला शिंगाळे मिळतात. या माशाच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा. लागला तर ठणका कोपरापर्यंत जातो आणि गरम पाण्यात हात बुडवून बसावं लागतं. कयाककर त्याला लांब पकडीने धरतो, अंगापासून दूर ठेवतो, आणि फोटोसाठी हात कॅमेऱ्याकडे इतका लांब करतो की फोटोत मासा मोठा नि मालक लहान दिसतो. किंवा मग केंड. केंड वर येतो तोच रुसलेल्या जावयासारखा फुगून, आणि दात मात्र असे की रबरी कोळंबीची शेपटी कात्रीने छाटल्यागत जाते. पहिल्यांदा अशी छाटलेली कोळंबी हातात आली तेव्हा कयाककराचा आवाज चिरकला. "मंडळी, हा कट बघा! सुरमई! शंभर टक्के सुरमई!" पुण्याच्या ग्रुपवर त्या शेपटीला शंभरावर अंगठे मिळाले. संध्याकाळी नातवाने ती कोळंबी उलटसुलट केली आणि म्हणाला, "केंड हा ह्यो." कयाककर म्हणाला, शक्यता नाकारता येत नाही.

दर रविवारी पुण्याहून आईचा फोन असतो. तिला पापलेट हवं. आई, पापलेट गळाला लागत नाही, ते पाण्यात तरंगणारं बारीकसारीक खाऊन जगतं, त्याला जाळं लागतं, हे त्याने कितीतरी वेळा समजावलं आहे. "अरे, पण आता ते सरकारने राज्याचा मासा केलंय ना?" आई म्हणते. "मग मिळायला नको?" यावर त्याच्याकडे तोड नाही.

परतीचं एवढंच सांगतो. बारशीच्या त्या दिवशी साडेदहाला तो खाडीच्या तोंडाशी आला आणि ओहोटीचं पाणी त्याला भेटलं. काठावर एक हॉटेल आहे, झाडाखाली टेबलं. तिथले लोक घावणे खात होते तेव्हा कयाककर त्यांच्या समोर होता, जोरात वल्हवत होता. त्यांची बिलं आली तेव्हाही समोरच होता. पोरांनी एव्हाना टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. शेवटी तातूंचा नातू होडी घेऊन गेला आणि दोरी टाकली. ती त्याने घेतली, पण घेताना टोपीवरचा कॅमेरा बंद केला.

वहिनी या सगळ्या वेळात माझ्या पडवीत झोपाळ्यावर असतात. पुस्तक, शहाळं, आणि जेवणात काय याची शांत चौकशी. तिसऱ्या सांगितलेल्या असतात, कुर्ल्या सांगितलेल्या असतात. नवऱ्याच्या माशांवर त्या कधी अवलंबून राहिल्या नाहीत. मी एकदा विचारलं, तुम्हाला काळजी नाही वाटत, एवढा वेळ एकटे समुद्रात? त्या म्हणाल्या, "भाऊ, घरी असले तरी चार-चार तास असेच कुठेतरी तरंगत असतात. इथे निदान जॅकेट घालून."

जून लागला की यांत्रिक बोटींना ३१ जुलैपर्यंत बंदी. कयाकला इंजिन नाही, म्हणून आपल्याला ती लागू नाही, असं कयाककर दर वर्षी मला फोन करून सांगतो. तू ये बाबा, मी म्हणतो, आणि फोन खिडकीबाहेर धरून त्याला दर्याचा आवाज ऐकवतो. मग तो आणखी एक वर्ष इकडे न येता पावसाळा काढतो, आणि त्या दोन महिन्यांत नवीन सामान घेतो. सध्या त्याचा डोळा पायाने चालवायच्या कयाकवर आहे. होबी नावाच्या अमेरिकी कंपनीने १९९७ मध्ये ती युक्ती काढली: पायडल मारलं की खाली दोन पंख हलतात आणि हात गळासाठी मोकळे. वहिनी म्हणतात, गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून घे.

आता नातू. जाताना कयाककर ते खडपं दाखवणारं यंत्र माझ्या कपाटात ठेवून जातो आणि बजावतो, "भाऊ, दर आठवड्याला बॅटरी तेवढी चार्ज करा." मला त्या वायरींतलं काही कळत नाही, मी ते काम नातवाला दिलं. चार्ज झाली की नाही हे चालवून बघितल्याशिवाय कसं कळणार? चालवायला पाणी हवं. पाण्यात न्यायला कयाक हवी. अशा रीतीने सोमवार ते शुक्रवार ती कयाक कुर्ल्यांचे सापळे बघायला जाते, कधी छोटं जाळं घालायला जाते. आवाज नाही, डिझेल नाही, उथळ पाण्यात चालते. मधे एक दिवस पोराने तातूंनाही पुढे बसवून नेलं होतं. नेमकं कसं बसवलं ते मी विचारलं नाही. तातूंच्या डोक्यात साठ वर्षांच्या खुणा आहेत. देवळाचा कळस अमुक माडाच्या रेषेत आला आणि निवतीचा डोंगर तमुक खडपावर टेकला, की खाली तांबोशीची जागा. तातू हात करून थांबवायचे आणि नातू यंत्राचं बटण दाबून तिथे खूण करायचा. शुक्रवारी संध्याकाळी तो कयाक गोड्या पाण्याने धुऊन ठेवतो. तरी वास राहतो. कयाककर शनिवारी तो वास छातीभर घेतो आणि म्हणतो, "भाऊ, मागच्या रविवारचा आहे हं हा!"

यंत्रातल्या खुणा पुसायच्या मात्र पोर विसरलं. जानेवारीत कयाककराने समुद्रात यंत्र चालू केलं तर पडद्यावर चौदा ठिपके. त्यातल्या सगळ्यात जवळच्या ठिपक्यावर जाऊन त्याने गळ सोडला आणि काठी अशी वाकली, की चित्रणात पहिल्यांदाच पावलं दिसेनाशी झाली. तांबोशी. मोजपट्टीवर मावेना. दोन वाजेपर्यंत आणखी एक.

संध्याकाळी त्याने खळ्यात आम्हाला बसवून समजावलं. यंत्र नवीन पिढीचं आहे, ते स्वतः शिकतं. पाण्याचं तापमान, खोली, आपल्या मागच्या ट्रिपा, सगळं मनात ठेवतं, आणि आपण नसतानाही त्याचं गणित चालू असतं. तातू सुपारी कातरत होते. "हुशार असा," ते म्हणाले. नातू एकाएकी अभ्यासाला म्हणून उठून गेला. ती तांबोशी माझ्या बायकोने तिरफळं घालून केली, आणि पुण्याच्या माणसाने काट्याची तक्रार न करता तीन वेळा वाढून घेतली.

त्याने ग्रुपवर लिहिलेलं वाचून दोघांनी तेच यंत्र मागवलं. महिना झाला तरी त्यांच्या पडद्यावर एकही ठिपका आलेला नाही. कंपनीच्या माणसाला ते काय विचारताहेत हेच कळत नाही. परवा कयाककराने मला विचारलं, भाऊ, त्या दोघांची यंत्रंही तुमच्या कपाटात ठेवाल का, इथली हवा त्याला मानवते असं दिसतंय. मी म्हटलं, ठेवतो, पण चार्जिंगचे महिना पाचशे रुपये पडतील. नातवाच्या क्लासची फी भरायची आहे.